‘ब्लॉक मोठा टाक’ म्हणणाऱ्यांसाठी

करकंब ते पंढरपूर पळणाऱ्या गाड्यांत बुलेट कमी नाहीत, आणि 350 ची 500 करायची हौस त्याहून कमी नाही. कागदावर ते सोपं दिसतं. जुन्या कास्ट आयर्न 350 चा बोअर 70 मिमी, 500 चा 84. स्ट्रोक दोन्हींचा 90. म्हणजे नुसता ब्लॉक-पिस्टन बदला की 346 सीसीचे 499!

पण मोठ्या ब्लॉकची स्लीव्ह क्रँककेसच्या तोंडात बसायला हवी. ते तोंड लेथवर वाढवलं की भिंत पातळ होते. पिस्टनचं वजन बदललं की क्रँकचा बॅलन्स बिघडतो, हँडल थरथरतं. हेड जुनंच ठेवलं तर कॉम्प्रेशन वाढतं. 100 सीसीच्या गाडीवर हिशेब करा: 50 चा बोअर 52 केला, तर 9:1 चं साधारण 9.6:1 होतं. त्यात सोलापूरचा उन्हाळा, मग इंजिन ठोकणारच. जेट जुनाच असेल तर मिश्रण पातळ पडून पिस्टन जाम होण्याची भीती वेगळी.

स्ट्रोक वाढवणं तर आणखी अवघड. 2 मिमी वाढवला की पिस्टन 1 मिमी वर चढतो आणि व्हॉल्व्हला भिडू शकतो.

राहता राहिलं ‘बोअर करून’ 0.50 ओव्हरसाइझ पिस्टन टाकणं. स्प्लेंडरला त्याने जेमतेम 2 सीसी वाढतात. गाडी पळते ती नव्या रिंगांमुळे!

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. आरसी बुकात 346 आणि पोटात 499 चालत नाही.