कौत्साचा हिशेब आणि दारातली मोटार

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. आदल्या दिवशीच्या खंडेनवमीला पूर्वी शस्त्रे पुजली जात. आता त्यांच्या शेजारी ट्रॅक्टर, फटफटी आणि मोटार येऊन उभी राहिली आहे. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू हा सोहळा यंदा वणीतील आमच्या दारातही आहे. सात वर्षे मोटारीवाचून काढल्यानंतर आम्ही एक लहान, थोडक्या पेट्रोलवर चालणारी मोटार घेतली. “बुवा, आता चैन आहे!” असे स्नेही कौतुकाने म्हणतात. त्यांना उत्तर म्हणून दसऱ्याचेच एक आख्यान सांगतो.

कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात वरतंतूंचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी रघूकडे येतो. त्याला हव्या असतात चौदा कोटी सुवर्णमुद्रा. आणि विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेल्या राजाजवळ उरलेले असते मातीचे पात्र! रघू कुबेरावर चाल करण्याचे ठरवतो आणि त्या रात्री रथातच निजतो. पहाटे कोषागारात सुवर्णवृष्टी झाल्याची वार्ता येते. लोककथेने हीच वृष्टी पुढे आपट्याच्या झाडावर आणली. राजा सारे सोने देऊ करतो. परंतु कौत्स गुरूच्या देण्याहून एक मुद्राही अधिक घेत नाही. वाचकहो, या कथेत दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. रथ सज्ज होता, पण गरज सरताच तो हाकला गेला नाही. आणि कौत्साचा हिशेब सोने दिसण्यापूर्वीच झालेला होता.

आमचा हिशेब त्या सात वर्षांनी करून दिला. जुनी गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली तेव्हा ती विकली आणि एसटीचा आश्रय घेतला. बाजार, पोस्ट, बँक, रंगनाथस्वामींचे देऊळ ही सारी कामे पायी होतात, हे त्या काळात कळले. यवतमाळ असो वा चंद्रपूर, दिवसाच्या प्रवासाला बस पुरते. मात्र दोन कामांपुढे बस हात टेकते. कीर्तनाची आरती होईपर्यंत अकरा वाजतात. पेटी-तबला सांभाळणाऱ्या साथीदारांसह फाट्यावर उजाडण्याची वाट पाहणे आता साठीनंतर झेपत नाही. दुसरे कारण अधिक निकडीचे. गेल्या वर्षापासून आमच्या कुटुंबाला दर पंधरवड्यास उपचारासाठी नागपूरला न्यावे लागते. २०२३ च्या मार्चपासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, ही सोय मोठीच. पण उपचारानंतरच्या थकव्यात चार तास बसून येणे तिकिटाच्या सवलतीने सुसह्य होत नाही. आमचे चौदा कोटी ते एवढेच.

मग गाडी कोणती घ्यावी? आज लहान पेट्रोल मोटारींचे प्रमाणित आकडे लिटरला वीस ते पंचवीस किलोमीटरच्या घरात असतात. तथापि हे आकडे प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून, ठरीव वेगाने काढलेले असतात. कोळशाच्या ट्रकांमागून वाट काढणाऱ्या वणीकराच्या पदरी त्याहून कमीच पडते. यास्तव टाकी काठोकाठ भरावी, आकडा टिपावा, पुन्हा भरताना किती लिटर लागले ते पाहून भागाकार करावा; हेच खरे ‘ॲव्हरेज’. पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण पाव ते तृतीयांश भागच कामी येतो; उरलेला वाऱ्यावर जातो. म्हणून टायरमधील हवा, बेताचा वेग आणि थांबल्यावर बंद केलेले इंजिन यांचे महत्त्व.

पण खरी मेख पुढेच आहे. महिन्याला सहाशे किलोमीटर प्रवास धरू. लिटरला बारा देणारी जुनी गाडी पन्नास लिटर पिते. वीस देणारी नवी तीस. वीस लिटर वाचले! लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ४६ किलो धूरही वाचला. आता ‘स्वस्तात पडते’ म्हणून हेच अंतर हजारावर नेले, तर पुन्हा पन्नास लिटर. गाडी काटकसरी, मालक उधळा, बाकी शून्य.

हे गणित नवे नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात ते मांडले. वाफेचे इंजिन जसजसे कमी कोळशात अधिक काम देऊ लागले, तसतसा इंग्लंडमधील कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढत गेला. ज्या गावाभोवती राजूर, उकणी, मुंगोलीच्या खाणी आहेत, जिथे अंगणातील तुळशीवरही काळी धूळ बसते, त्या वणीकराला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. विजेवरची मोटार अधिक कार्यक्षम खरी. पण महाराष्ट्रातील बहुतांश वीज अद्याप कोळशाचीच. इंधन कोणतेही असो, ते कोणाच्या तरी जमिनीतूनच येते.

कठोपनिषदाने शरीराला रथ, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटले आहे. कारखाना उत्तम रथ देईल. लगाम मात्र दुकानात मिळत नाही. म्हणून आमच्या घरी नियम ठरला आहे: नागपूरचा उपचार आणि रात्रीचे कीर्तन यांसाठी मोटार, दिवसाच्या प्रवासाला एसटी, गावात पाय. गाडीच्या खणात एक वही ठेवली आहे. प्रत्येक फेरीचे अंतर तीत लिहावयाचे, आणि कारणही. कारण लिहिताना हात अडखळला, तर गाडी दारातच राहील.

ज्यांच्या दारी यंदा नवे वाहन येत आहे, त्यांनी पूजेच्या तबकात अशी एक वही अवश्य ठेवावी. आपट्याचे पान हाती देताना आपण ‘सोने घ्या’ म्हणतो. कौत्साचे स्मरण ठेवून, लागेल तेवढेच घ्या. विजयादशमीच्या सर्वांस शुभेच्छा!