लांबणीवर टाकलेली दुरुस्ती आणि वैमानिकाची जबाबदारी

प्रास्ताविक :
प्रवासी विमान उड्डाणास निघते तेव्हा त्यातील प्रत्येक उपकरण चालू स्थितीत असते, असा सर्वसामान्य प्रवाशाचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. विशिष्ट बिघाड ठरावीक मुदतीपर्यंत दुरुस्त न करता विमान उडविण्यास नियमांनीच मुभा दिलेली आहे. विमानातील बहुतेक महत्त्वाच्या यंत्रणांना पर्यायी यंत्रणा असल्यामुळे ही मुभा शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय ठरते. तथापि, दुरुस्ती पुढे ढकलली म्हणून तिच्यातील धोका नाहीसा होत नाही; त्याचा भार कार्यशाळेतून वैमानिककक्षात जातो. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

व्यवस्थेचे स्वरूप :
या व्यवस्थेचा आधार म्हणजे ‘किमान उपकरण सूची’. विमानक्षेत्रात ती ‘एमईएल’ या नावाने ओळखली जाते. विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी प्रथम एक मूळ सूची मान्य होते. तिच्या आधारे प्रत्येक विमान कंपनी स्वतःची सूची तयार करून आपल्या देशाच्या नियामकाची मान्यता घेते. कंपनीची सूची मूळ सूचीपेक्षा कडक असू शकते, सैल असू शकत नाही. दुरुस्तीच्या मुदतीनुसार बिघाडांचे चार वर्ग केले जातात. ‘अ’ वर्गातील बिघाडाची मुदत त्या त्या नोंदीतच दिलेली असते. ‘ब’ वर्गासाठी ३ दिवस, ‘क’ वर्गासाठी १० दिवस आणि ‘ड’ वर्गासाठी १२० दिवस अशी मर्यादा असते. उड्डाणयोग्यतेशी संबंधित जे उपकरण सूचीत नाही, ते चालू असलेच पाहिजे.

अनेक नोंदींसोबत अटी जोडलेल्या असतात. काही अटी अभियंत्याने पूर्ण करावयाच्या असतात, तर काही वैमानिकाने उड्डाणात पाळावयाच्या असतात. याच ठिकाणी यंत्रातील उणीव माणसाच्या स्मरणाने आणि दक्षतेने भरून काढली जाते.

साओ पाउलो, २००७ :
१७ जुलै २००७ रोजी टाम कंपनीचे एअरबस ए-३२० विमान ब्राझीलमधील साओ पाउलो येथे पावसात उतरले. त्याच्या उजव्या इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे जमिनीवर उतरल्यावर उलटा रेटा देणारी यंत्रणा, नियमानुसार निष्क्रिय करून ठेवलेली होती. अशा स्थितीतही उतरताना दोन्ही इंजिनांचे दांडे मागे घ्यावेत, अशी सुधारित कार्यपद्धती होती. उड्डाण नोंदयंत्रानुसार डावा दांडा मागे घेतला गेला, उजवा मात्र पुढेच राहिला. परिणामी पंखांवरील वेगरोधक पट्ट्या उघडल्या नाहीत, विमान धावपट्टीबाहेर गेले आणि १९९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. हे वैमानिकाच्या हातून घडले की यंत्रणेच्या दोषामुळे, याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. बंद रिव्हर्सर हे या अपघाताचे एकमेव कारण नव्हते. परंतु नेहमीच्या सवयीच्या कृतीत एका बिघाडामुळे किती सूक्ष्म फरक पडतो, हे या घटनेतून दिसते.

माद्रिद, २००८ :
२० ऑगस्ट २००८ रोजी स्पॅनएअर कंपनीचे एमडी-८२ विमान माद्रिदहून ग्रान कनारियाकडे निघाले होते. बाहेरील हवेचे तापमान मोजणारा संवेदक जमिनीवरच तापत असल्याचे आढळल्याने वैमानिकांनी विमान परत आणले. या संवेदकाचा तापक केवळ हवेत चालणे अपेक्षित असते. त्या दिवशी बर्फ साचण्याची शक्यता नव्हती आणि तापक बंद असताना उड्डाणास सूचीची परवानगी होती. त्यामुळे तंत्रज्ञांनी त्याचा वीजपुरवठा खंडित करून विमान सोडले. नियोजित वेळेपेक्षा बराच उशीर झाला होता. उड्डाणापूर्वी पंखांवरील फ्लॅप उघडण्याचे राहून गेले आणि ही चूक लक्षात आणून देणारा धोक्याचा इशाराही वाजला नाही. विमानातील १७२ जणांपैकी १५४ मृत्युमुखी पडले.

ज्या रिलेमुळे तापक जमिनीवर बंद राहतो, त्याच रिलेवर तो इशाराही अवलंबून होता. इशारा नेमका का वाजला नाही, हे चौकशीत निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. तरीही एक मर्यादा ठळकपणे समोर येते : कोणते उपकरण बंद असताना उडता येते, हे सूची सांगते, ते का बिघडले, हे शोधण्याचे काम माणसालाच करावे लागते. तापकाचे अवेळी तापणे हा कदाचित दुसऱ्याच दोषाचा दृश्य परिणाम असू शकतो, हा प्रश्न सूचीच्या कक्षेबाहेरचा होता.

वैमानिकाचा निर्णयाधिकार :
शिकागो करारानुसार आखलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांत विमानाविषयीचा अंतिम अधिकार प्रमुख वैमानिकाकडे आहे. सूचीने परवानगी दिली तरी हवामान, धावपट्टी आणि एकाच वेळी प्रलंबित असलेल्या बिघाडांचा परस्परसंबंध पाहून तो उड्डाण नाकारू शकतो. प्रत्यक्षात मात्र सुट्या भागांची टंचाई, खोळंबलेले प्रवासी आणि कर्तव्यकाळाची संपत आलेली मर्यादा यांचे दडपण त्याच निर्णयावर येते. नकार देणाऱ्या वैमानिकाला प्रत्येक वेळी स्पष्टीकरण द्यावे लागत असेल, तर अधिकार कागदावर राहतो आणि बिघाडाची नोंद करण्याची प्रवृत्तीही मंदावते.

हा प्रश्न भारतातही उपस्थित झालेला आहे. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तपासणीत बिघाडांच्या कारणांचे सदोष निदान आणि सूचीच्या आधारे विमाने सोडण्याचे वाढते प्रमाण आढळून आले. त्यानंतर विमाने उड्डाणासाठी प्रमाणित करण्याचे काम बी-१ किंवा बी-२ परवानाधारक अभियंत्यांनीच करावे, असे निर्देश देण्यात आले.

समारोप :
किमान उपकरण सूची ही सुरक्षिततेची खालची मर्यादा आहे. ती विमान सोडण्याची सक्ती नव्हे. दुरुस्ती लांबणीवर टाकताना बिघाडाचे मूळ शोधले गेले, त्याची स्पष्ट नोंद झाली आणि वैमानिकाच्या नकाराला संस्थेने निःशंकपणे मान दिला, तरच ही सवलत सुरक्षित ठरते. यांपैकी एक दुवा निखळला, तरी नियमांचे तंतोतंत पालन होऊनही विमान धोक्यात येऊ शकते.