चाळीस पत्त्यांचा मेळ

कोकणातल्या पावसाळी रात्री वीज गेली की ओटीवर सतरंजी पडते आणि पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. रत्नागिरीकडच्या घरांत मग मेंढीकोट रंगतो. दश्श्या म्हणजे मेंढ्या. चारही जिंकल्या की समोरच्यांवर कोट. भिडू समोरासमोर बसतात, पण हातात काय आहे हे तोंडाने सांगायचे नाही. उतारी पाहून भिडूच्या मनातले ओळखायचे, आणि आपला हुकूम कधी खर्चायचा ते ठरवायचे.

अवतारी वीरांचे पत्तेही या मातीला नवे नाहीत. १९८१ च्या १ मेपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती, आणि तिथल्या चिताऱ्यांची दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे. मत्स्य ते कल्की असे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. एकूण १२० गोल पत्ते. तिघे बसले की प्रत्येकाच्या वाट्याला ४०. दिवसा राम आणि रात्री कृष्ण ज्याच्याकडे, त्याची उतारी. राजा-प्रधानानंतर निम्म्या रंगांत दश्शी थोर, तर निम्म्यांत एक्का! हुकूम नसतो. वरचे पत्ते पडून गेले की हातातला साधा पत्ताही राज्य करतो, म्हणून काय पडले ते ध्यानात ठेवणारा जिंकतो.

गंजिफात चाळीस पत्ते नशीब वाटते. ‘मार्व्हल चॅम्पियन्स’ या वीरांच्या खेळात मात्र ते खेळाडू स्वतः निवडतो. अमेरिकेच्या फँटसी फ्लाइट गेम्सने २०१९ साली आणलेला हा खेळ एक ते चार जण खेळतात आणि सगळे एकमेकांचे भिडू असतात. खलनायक स्वतःच्या वेगळ्या गड्डीवर चालतो आणि आपला कट पुरा करू पाहतो. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे. कॅट ४० ते ५० पत्त्यांचा. त्यातले १५ खेळाडूने निवडलेल्या वीराचे ठरलेले. बाकीचे आक्रमण, न्याय, नेतृत्व, संरक्षण अशांपैकी एका पंथाचे किंवा सर्वांना चालणारे. या निवडीच्या पत्त्यांत एका नावाच्या तीनपेक्षा जास्त प्रती घेता येत नाहीत. पत्ता खेळायचा तर त्याची किंमत बहुधा हातातलेच दुसरे पत्ते टाकून चुकवावी लागते. म्हणजे काय ठेवायचे याइतकाच काय सोडायचे हाही प्रश्न.

पत्त्यांची जोड कशी जमते ते ब्लॅक पँथर या वीराच्या कॅटात स्वच्छ दिसते. त्याची चार आयुधे आहेत: ऊर्जेचे खंजीर, पंजे, व्हायब्रेनियमचे चिलखत आणि युद्धबुद्धी. एकेकटी मांडून ठेवली तर ती जवळपास गप्प बसतात. त्यांना जाग येते ‘वाकांडा फॉरेव्हर’ या पत्त्याने. तो पडला की मांडलेली सगळी आयुधे खेळाडू म्हणेल त्या क्रमाने चालतात, आणि शेवटच्याचे बळ वाढते. खंजिरांचा एक घाव, चिलखताने स्वतःच्या अंगावरून खलनायकावर ढकललेला एक, युद्धबुद्धीने त्याच्या कटाचा एक धोका कमी, आणि शेवटी पंजे ठेवले तर त्यांचे दोनाऐवजी चार. किंमत एक, घाव सहा. एकट्या खेळाडूसमोर ऱ्हायनो या खलनायकाच्या पहिल्या टप्प्याचे आयुष्य १४ असते. त्यातले सहा एका पत्त्याने गेले. पंजे आधी आणि खंजीर शेवटी चालवले तर त्याच्यावर पाचच. क्रमाला एवढी किंमत आहे!

असा कॅट बांधताना नवखा खेळाडू हमखास एक चूक करतो. चांगले पत्ते दिसतात म्हणून तो पन्नास भरतो. गणित सोपे आहे. सुरुवातीला सहा पत्ते येतात. हव्या त्या पत्त्याच्या तीन प्रती ठेवल्या तर चाळिसांच्या कॅटात त्यातली निदान एक हाती लागण्याची शक्यता साधारण ३९ टक्के. पन्नासांत ती ३२ वर उतरते. एकच प्रत असेल तर १५ आणि १२. म्हणून जोडीवर भिस्त असलेला कॅट चाळिसांवरच थांबवावा. शिवाय आयुधे पटावर गेली की ती गड्डीत परतत नाहीत. चारही मांडली की उरतात ३६, आणि त्यात ‘वाकांडा फॉरेव्हर’ पाच. ते वारंवार हाताला लागू लागते. गड्डी संपल्यावर मात्र टाकलेले पत्ते पिसून घेताना खलनायकाचा एक जादा पत्ता पदरात पडतो, हे विसरून चालत नाही.

आणि भिडूंचा विचार इथेही सुटत नाही. ब्लॅक पँथर आयुधे जुळवत असतो तेव्हा पहिल्या काही फेऱ्या तो दुबळा असतो. त्या वेळी खलनायकाचा कट रोखायला न्याय पंथाचा वीर शेजारी असला तर जोड पुरी व्हायला सवड मिळते. दोघांनीही आक्रमणच घेतले, तर घाव पुष्कळ घालूनही कट पुरा होतो आणि डाव जातो. मेंढीकोटात इशारे करायचे नाहीत. इथे उघड बोलायला मुभा आहे. ती वापरावी. कॅट बांधण्याआधी कोण काय घेणार हे बोलून घेतलेले बरे.

गंजिफाचे मात्र वाईट वाटते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. पत्ते रंगवणारे हात वाचले; खेळणारे फार थोडे उरले. आज तो संच विकत घेतला जातो तो बहुधा चौकटीत बसवायला. ज्यांच्या घरी असा संच आहे, त्यांनी या दिवाळीत तो भिंतीवरून उतरवावा. दोन गडी बोलवावेत, एकशेवीस पत्ते पिसून वाटावेत, आणि रात्र असेल तर विचारावे, कृष्ण कुणाकडे?