आकाशांतील घर व त्याची रसद

‘घर पाहावें बांधून’ असें आपण म्हणतों; परंतु बांधलेलें घर चालविणें त्याहूनहि कठीण, हें मोठ्या कुटुंबाची कोठी सांभाळणाऱ्या आमच्या वाचक भगिनींस निराळें सांगावयास नको. पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर मनुष्यानें जें घर बांधलें आहे, त्यासहि हाच नियम लागू पडतो. त्या घराचें नांव आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. तें कसें उभें राहिलें व त्याची रसद कशी चालली, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विश्वामित्रांचा त्रिशंकु अधांतरीं लटकत राहिला. हें स्थानक मात्र लटकत नाहीं. तें ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें धांवतें व सुमारें ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतें. पृथ्वीकडे तें सतत पडतच असतें; पण वेग एवढा, कीं जितकें तें खालीं येतें तितकी गोल पृथ्वीहि खालीं वळत जाते. त्याचा भार चार लक्ष किलोग्रॅमांहून अधिक. एवढा भार एका खेपेंत नेणें अशक्य, म्हणून घराचे खण एकएक करून वर नेऊन जोडावे लागले. रशियाच्या अग्निबाणानें २० नोव्हेंबर १९९८ रोजीं ‘झार्या’ हा पहिला खण नेला. डिसेंबरांत अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ यानानें ‘युनिटी’ हा दुसरा नेऊन त्यास जोडला. २ नोव्हेंबर २००० पासून तें घर एक दिवसहि ओस पडलेलें नाहीं.

‘एंडेव्हर’ हें स्पेस शटल जातीचें यान. त्यापूर्वीचे अग्निबाण म्हणजे पत्रावळी. जेवण झालें, टाकून दिल्या. शटल हें पितळेचें भांडें. घासावें, पुसावें, पुन्हां पंक्तीस घ्यावें. १८ मीटर लांबीच्या त्याच्या कोठारांत स्थानकाचा अखंड खण मावे, आणि तो जोडणारे कारागीरहि सोबतच जात. स्थानकाकडे शटलच्या ३७ खेपा झाल्या. परंतु पितळेच्या भांड्यास कल्हई लागते. प्रत्येक खेपेनंतर यानाच्या अंगावरील सुमारें २४,००० उष्णतारोधक कौलें तपासावीं लागत. इंधनाची प्रचंड टांकी तर दर वेळीं नवीच लागे. ज्या काटकसरीची आशा होती, ती त्यामुळें पदरीं पडली नाहीं.

पैशाची हानि सोसतां येते. पुढील हानि तशी नव्हती. १६ जानेवारी २००३ रोजीं ‘कोलंबिया’ यान निघालें. त्याची ती सफर स्थानकाकडे नव्हती, शास्त्रीय प्रयोगांसाठीं होती. उड्डाणानंतर सुमारें ८२ सेकंदांनीं टांकीवरील फेसाळ लेपाचा पाऊण किलोग्रॅम वजनाचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला व तेथें छिद्र पडलें. १ फेब्रुवारीस परततांना त्या छिद्रांतून तप्त वायु आंत शिरला, यान भंगलें, आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातहि जण मृत्यु पावले. चौकशी मंडळाच्या अहवालांत एक गोष्ट स्पष्ट झाली. असे तुकडे पूर्वींच्या सफरींतहि सुटले होते. यानें सुखरूप परत आलीं, म्हणून अधिकाऱ्यांची भीड चेपली, व धोक्याची गोष्ट नित्याच्या डागडुजींत जमा झाली. सफर चालू असतां यानाचीं छायाचित्रें घ्यावीं, ही अभियंत्यांची विनंतिहि मान्य झाली नाहीं.

त्या दिवशीं स्थानकावर तिघे रहिवासी होते. शटल सुमारें अडीच वर्षें बंद राहिलें. शटलच्या विद्युत्घटांत तयार होणारें पाणी स्थानकास मिळे, तेंहि थांबलें. तेव्हां बिऱ्हाड दोघांवर आणावें लागलें, आणि तें जगविलें रशियाच्या पत्रावळींनींच: माणसांसाठीं ‘सोयूझ’, सामानासाठीं ‘प्रोग्रेस’. प्रोग्रेस सुमारें अडीच टन शिधा, पाणी व इंधन घेऊन जातें, विरळ हवेच्या घर्षणानें हळूहळू खालीं येणाऱ्या स्थानकास वर ढकलतें, आणि शेवटीं घरांतील केर पोटांत घेऊन वातावरणांत जळून जातें.

जुलै २००५ मध्यें ‘डिस्कव्हरी’ निघालें, तेव्हां नवा आचार सुरू झाला. स्थानकाच्या दाराशीं आल्यावर यानानें सावकाश कोलांटी घ्यावी, व रहिवाशांनीं खिडकींतून त्याच्या पोटाचीं छायाचित्रें घ्यावीं. जुलै २०११ मध्यें शटल निवृत्त होईपर्यंत दारीं आलेल्या पाहुण्याची ही तपासणी चालली.

२०१२ पासून ‘ड्रॅगन’ यानहि रसद नेतें व परततांना समुद्रांत उतरतें. एकदां जाऊन आलेलें ड्रॅगन जून २०१७ मध्यें पुन्हां स्थानकाकडे गेलें. त्यास उडविणाऱ्या अग्निबाणाचा खालचा भागहि आतां जमिनीवर किंवा जहाजावर उभाच उतरतो व पुन्हां उपयोगीं पडतो. जून २०२५ मध्यें आपले शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले, ते ड्रॅगनमधूनच.

अशीं यानें पुढें वाढतील, व तें इष्टच आहे. परंतु कल्हई पाहिल्यावांचून भांडें चुलीवर चढवूं नये, हें घरोघरच्या गृहिणीस ठाऊक असलेलें शहाणपण तेथें सात प्राणांचें मोल देऊन शिकावें लागलें. भांडें काल कामास आलें, एवढ्यावरून तें आज निर्दोष ठरत नाहीं. दर खेपेस तें उजेडांत धरून पाहिलेंच पाहिजे, असें आम्हांस वाटतें.