नळी निघाली, तरी श्वास अडतो

व्हेंटिलेटरवरून सुटलेला पेशंट घरी जातो, सगळ्यांना हायसं वाटतं. मग काही आठवड्यांनी जिना चढताना धाप लागू लागते, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. पुष्कळदा त्याला दमा म्हणून पंप दिला जातो. फरक पडत नाही, म्हणून डोस वाढतो. आज आपण या पेशंटबद्दल बोलू.

घशातून घातलेल्या नळीच्या टोकाजवळ एक फुगा असतो. बाजूने हवा गळू नये म्हणून तो फुगवतात. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांत दाब असतो साधारण २५ ते ३० मिलिमीटर पारा. फुग्याने त्याहून जास्त दाबलं की तिथलं रक्त थांबतं, अस्तर मरतं, खालची कूर्चा उघडी पडते. बोस्टनमध्ये कूपर आणि ग्रिलो या सर्जननी १९६९ साली हा सगळा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवला. आता फुगे मऊ आले आहेत आणि दाब पाण्याच्या मापात २० ते ३० सेंटिमीटरच ठेवायचा असतो. पण त्यासाठी तो मोजावा लागतो, बोटाने चाचपून कळत नाही.

खरी गंमत पुढे आहे, गंमत कसली म्हणा! जखम भरते, आणि भरताना तिचा वण आवळत जातो. म्हणून त्रास नळी असताना नाही, ती निघाल्यावर सुरू होतो. मोठ्या माणसाची श्वासनलिका दीडदोन सेंटिमीटर रुंद असते. ती आठेक मिलिमीटरवर आली की चालताना दम लागतो, पाचवर आली की बसल्याबसल्याही. पंपातलं औषध फुप्फुसातल्या बारीक फांद्यांचे स्नायू सैल करतं. मुख्य नळीतल्या वणाला ते काय करणार? तेव्हा 'मला नळी घातली होती' हे वाक्य डॉक्टरांना आठवणीने सांगायचं. सीटी स्कॅन आणि दुर्बीण यांतून निदान होतं.

उपचारात पहिला मार्ग फुगवून रुंद करण्याचा, कधी लेझरने वण कापून. पातळ पडद्यासारखा अडथळा असेल तर एवढ्यावर भागतं. कूर्चाच गेली असेल तर आराम पडतो, पण नळी पुन्हा आवळते. अशा पेशंटची चौथी-पाचवी वेळ होईपर्यंत सर्जनचं मत न घेणं आम्हाला पटत नाही. ऑपरेशनमध्ये खराब तुकडा कापून दोन टोकं जोडतात. एके काळी दोन सेंटिमीटरच्या पुढे कापता येत नाही असं मानत. ग्रिलोंनी वरखालचा भाग मोकळा करून जवळपास निम्मी नळी काढता येते हे दाखवून दिलं. ज्याला पुन्हा व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता आहे किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस चालू आहेत, त्याला मात्र थांबवतात. तोवर सिलिकॉनची नळी आत बसवून श्वास चालू ठेवता येतो.

ऑपरेशननंतर हनुवटी छातीच्या कातडीला टाक्यांनी बांधलेली दिसते आणि नातेवाईक घाबरतात. मान मागे गेली तर जोडावर ताण येतो, एवढंच कारण आहे. आठवडाभराने ते टाके काढतात.