औषधाचीही परीक्षा

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमचे अण्णा एस.टी.च्या नोकरीतून निवृत्त झाले, पण बारा वर्षांपूर्वी जडलेला मधुमेह काही निवृत्त व्हायला तयार नाही. दर तीन महिन्यांनी ते जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या रुग्णालयात तपासणीला जातात. त्या दिवशी परतले ते हातात अकरा पानांचा एक इंग्रजी कागद घेऊन. ‘नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, भाग घ्यायचा असेल तर शेवटच्या पानावर सही करून आणा,’ एवढेच त्यांना तेथे सांगण्यात आले होते.

‘ट्रायल’ हा शब्द ऐकला मात्र, आईची पोळी तव्यावरच करपली. “अहो, तुम्ही काय उंदीर आहात का? आपल्या माणसावर प्रयोग नकोत!” धाकटा भाऊ म्हणाला, “औषध फुकट, तपासण्या फुकट. सही करून मोकळे व्हा, अण्णा.” अण्णांनी दोघांचे ऐकून घेतले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. “तू कॉलेजात शिकतेस. वाचून सांग यात काय आहे ते.”

मी कलाशाखेची, अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. औषधशास्त्राशी माझा संबंध क्रोसिनच्या गोळीपुरता. परंतु त्या अकरा पानांनी मला तीन आठवडे ग्रंथालयात बसवले. त्या तीन आठवड्यांत जे समजले ते माझ्यासारख्याच अनभिज्ञ मित्रमैत्रिणींना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मुळात प्रश्न साधा आहे. एखादे औषध लागू पडते हे आपल्याला कळते कसे? आपले उत्तर ठरलेले असते : अमक्याने घेतले आणि तो बरा झाला. आमच्या गावी काविळीवर झाडपाल्याचा रस देणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे दूरदूरहून माणसे येत आणि बहुतेक बरी होऊन जात. परंतु दूषित पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच ओसरते. मग गुण रसाचा की दिवसांचा? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्यानेच मोडली असे म्हणता येत नाही. त्यासाठी ज्या फांदीवर कावळा बसला नाही तीही पाहावी लागते. क्लिनिकल ट्रायल, म्हणजेच औषधचाचणी, ती हीच. एका गटाला नवे औषध द्यायचे, दुसऱ्याला जुने औषध किंवा नेहमीचे उपचार, आणि दोघांचे काय होते ते ठरावीक मुदतीपर्यंत नीट नोंदवून ठेवायचे.

पण तुलना न्याय्य हवी. कुस्ती लावताना जोड सारखी बघतात, तसेच येथेही. कोणाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टरांवर सोपवले, तर चांगल्या हेतूनेही घोटाळा होतो. नव्या औषधावर विश्वास असलेला डॉक्टर नकळत धडधाकट रुग्ण त्या गटात घालील, किंवा दया येऊन अगदी अत्यवस्थ रुग्णालाच ते देईल. दोन्ही प्रकारे निकाल बिघडला. म्हणून गट पाडायचे ते चिठ्ठी टाकून. आईला ही चिठ्ठीच सर्वांत खटकली. “माणसाच्या जिवाची सोडत काढतात की काय?” मलाही प्रथम तसेच वाटले. ते मत बदलले ते एका अर्थशास्त्राच्याच पदवीधरामुळे.

त्यांचे नाव ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. या इंग्रज गृहस्थांना व्हायचे होते डॉक्टर. पण पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांना क्षय झाला. वैद्यकाचा विचार सोडावा लागला. दीर्घ आजारपणात त्यांनी पत्रद्वारे अभ्यास करून लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि पुढे ते संख्याशास्त्राकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरचे नवे औषध ब्रिटनमध्ये आले, तेव्हा ते इतके थोडे होते की सर्व रुग्णांना पुरणे अशक्य. मग द्यायचे कोणाला? वशिलेबाजीपेक्षा चिठ्ठी बरी, आणि त्यातून औषधाची परीक्षाही होईल, असे ठरले. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे बंद लिफाफ्यांत आधीच ठरवून ठेवण्याची योजना हिल यांची. एकूण १०७ रुग्ण होते. ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसीन मिळाले, ५२ जणांना त्या काळचा रूढ उपचार म्हणजे केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. हा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि औषधांच्या परीक्षेची आजची पद्धत त्यानंतर जगभर रूढ झाली.

अर्थात येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. आपण एका चाचणीत आहोत, हे त्या ५२ जणांना कोणीही सांगितले नव्हते. त्या काळी तशी रीत नव्हती. या मुद्द्याकडे मी पुढे येणारच आहे.

आता आपल्या देशातले उदाहरण. आमच्या घरी अण्णांच्या थोरल्या काकांची आठवण अजून निघते. त्यांना १९५० च्या सुमारास क्षय झाला आणि मिरजेच्या बाजूला सॅनेटोरियममध्ये त्यांनी सव्वा वर्ष काढले. घरी त्यांची ताटवाटी वेगळी, मुलांना जवळ जायची बंदी, आणि खर्चापायी जमिनीचा तुकडा गेला तो गेलाच. त्या काळी सर्वांचीच अशी खात्री होती की क्षयी माणसाला कोरडी हवा, सकस अन्न आणि पूर्ण विश्रांती हवीच. घरी ठेवला तर तो बरा होत नाही आणि घरच्यांनाही आजार देतो. पण देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा काही हजार. उरलेल्यांनी काय करायचे?

१९५६ मध्ये मद्रासला भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढले. शहरातील १९३ गरीब रुग्णांचे चिठ्ठीने दोन गट पाडले. औषधे दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. फरक इतकाच की एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला आणि दुसरा आपल्या कोंदट घरात, अपुऱ्या जेवणावर. घरचे रुग्ण औषध खरोखर घेतात की नाही, हे अचानक घरी जाऊन आणि लघवी तपासून पाहत. वर्षाअखेरीस आजार शमलेले रुग्ण सॅनेटोरियमच्या गटात शंभरी ९२ आणि घरच्या गटात शंभरी ८६ निघाले. उघड्यावरची हवा नाही, दूध-अंडी नाहीत, तरी एवढे! पुढे पाच वर्षे दोन्हीकडच्या कुटुंबीयांवर लक्ष ठेवले, तेव्हा रुग्ण घरी राहिल्याने घरच्यांचा धोका वाढतो असेही दिसले नाही. पहिल्या वर्षाचा निकाल १९५९ मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि क्षयरोग्याला वर्षानुवर्षे घरापासून तोडण्याची पद्धत हळूहळू जगभर मागे पडली.

मद्रासच्या त्या १९३ जणांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण आज क्षयरोगी घरच्यांत राहून गोळ्या घेतो आणि त्याची जमीन शाबूत राहते, यात त्यांचा वाटा आहे. आमच्या काकाआजोबांना तो लाभ मिळाला नाही; दहा वर्षे उशीर झाला.

जाणत्यांची खात्री आणि वस्तुस्थिती या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे चाचणीच दाखवते. कोरोनाच्या साथीत आपणही हे अनुभवले. प्लाझ्मा देणारा कोणी मिळेल का, म्हणून रात्री-अपरात्री किती निरोप आपण पुढे पाठवले असतील! २०२० मध्ये आपल्याच देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी झाली होती. त्याने आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टळत नाही, असे तीत दिसले. तरी मे २०२१ पर्यंत तो अधिकृत उपचारांच्या यादीत राहिला, आणि दुसऱ्या लाटेत लोक त्यासाठी धावतच होते.

चाचणीचे टप्पेही समजून घेण्यासारखे आहेत. प्रयोगशाळेत व प्राण्यांवर तपासून झाल्यावरच औषध माणसांपर्यंत येते. पहिल्या टप्प्यात मोजक्या माणसांना, बहुधा निरोगी स्वयंसेवकांना, अल्प मात्रेत देऊन ते सोसते का हे पाहतात. दुसऱ्यात काही रुग्णांवर गुण व मात्रा अजमावतात. तिसऱ्यात शेकडो, प्रसंगी हजारो रुग्णांवर जुन्या उपचाराशी तुलना होते. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. कारण हजारात एखाद्याला होणारा त्रास तेव्हाच नजरेस येतो. कोणाला काय मिळते आहे हे पुष्कळदा रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासूनही गुप्त ठेवतात. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घालतात त्यामागचे कारण तेच : तपासणाऱ्याचा कल निकालात उतरू नये.

मग आईची भीती निराधार होती का? मुळीच नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंश झालेल्या शेकडो गरीब कृष्णवर्णीयांना उपचारांवाचून केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. दूर कशाला, २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो थांबवला गेला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण कित्येक संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या नि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, हे उघड झाले. संसदीय समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. येथे दोष तुलनेचा नव्हे, न विचारता माणसाला गृहीत धरण्याचा होता.

म्हणून आज नियम आहेत. २००९ पासून भारतात प्रत्येक औषधचाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत सुरुवातीलाच करावी लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे रुग्णाला सर्व माहिती त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे. आणि कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, त्याला बाहेर पडता आले पाहिजे. शिवाय प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. या समितीत निदान सात सदस्य असतात आणि सगळेच डॉक्टर असून चालत नाही. एक कायदेतज्ज्ञ, एक सर्वसामान्य व्यक्ती, आणि समाजशास्त्र, तत्त्वज्ञान अशा क्षेत्रांतील एक जण लागतो. मित्रहो, हे वाचून मी थबकले. ‘कला शाखा घेऊन काय करणार?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना देण्यासाठी एक चांगले उत्तर मिळाले.

पुढच्या खेपेस मी अण्णांबरोबर रुग्णालयात गेले. बरोबर वहीत उतरवलेले पाच प्रश्न होते. या चाचणीतून काय शोधायचे आहे? चालू गोळी बंद होणार का? कोणते त्रास संभवतात? रात्री-बेरात्री काही झाले तर फोन कोणाला करायचा? मधेच सोडले तर पुढचे उपचार थांबणार नाहीत ना? आधी कागद देणारे गृहस्थ म्हणाले, “एवढं कोणी विचारत नाही हो.” मी म्हटले, “आम्ही विचारतोय. आणि हा कागद मराठीत हवा.” मराठी प्रत होती! कपाटात होती. ती अण्णांना पहिल्याच दिवशी का दिली नाही, याचे उत्तर मात्र मिळाले नाही. नंतर चाचणीच्या प्रमुख डॉक्टर स्वतः आल्या आणि त्यांनी अर्धा तास बसून शांतपणे सारे समजावले. चाचणी तिसऱ्या टप्प्याची होती. एका गटाला नवी गोळी, दुसऱ्याला सध्याची प्रचलित गोळी. औषधावाचून कोणीच राहणार नव्हते. मी विचारले, “नवी गोळीच चांगली असेल ना?” त्या म्हणाल्या, “ते माहीत असतं तर चाचणी कशाला केली असती?”

मला वाटते, साऱ्या विषयाचे सार त्या एका वाक्यात आहे. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्याने चिठ्ठी टाकणे हा अन्याय. ज्याला खरोखरच ठाऊक नाही त्याने तसे कबूल करून, समोरच्याला विचारून चिठ्ठी टाकणे हा प्रामाणिकपणा.

घरी मराठी प्रत मी मोठ्याने वाचली. आईने दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावली. शेवटी तिने एकच विचारले, “नको वाटलं तर सोडता येईल ना?” येईल, म्हटले. अण्णांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी सही केली.

आज चाचणी सुरूच आहे. देवघराशेजारच्या फळीवर त्यांची गोळ्यांची डबी असते. तिच्यावर नाव नाही, नुसता क्रमांक आहे. आत नवे औषध आहे की जुने, हे अण्णांना ठाऊक नाही आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. आई रोज सकाळी ती डबी त्यांच्या हातात देते आणि न चुकता विचारते, “आज कसं वाटतंय?” उत्तर ती कॅलेंडरवर लिहून ठेवते. डॉक्टरांनी तसे सांगितलेले नाही. पण चाचणी आपलीही आहे, असे तिला आता वाटू लागले आहे.