टाऊन हॉलातील समुद्रदेव

कोल्हापूर संस्थानच्या अमदानीत, १८७२ ते १८७६ या काळात बांधल्या गेलेल्या टाऊन हॉलच्या इमारतीत आज जो लहानसा कांस्य समुद्रदेव उभा आहे, त्याच्या दर्शनासाठी रसिकाने मुद्दाम वाट वाकडी करावी, असे माझे मत आहे; कारण ज्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात तो सापडला, ते पंचगंगेच्या काठी, या इमारतीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

१९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदनगार आदी मंडळींच्या प्रयत्नांनी या टेकाडातून रोमन बनावटीच्या वस्तूंचा साठा उजेडात आला. पुढे १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. आणि या प्राप्तीतूनच १९४६ साली संग्रहालय जन्मास आले, ते १९४९ मध्ये टाऊन हॉलात स्थिरावले. हा समुद्रदेव म्हणजे ग्रीकांचा पोसायडन; तो सातवाहनकालीन करवीरात का यावा? व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून तो आला असणार हे उघड असले, तरी समुद्रापासून सह्याद्रीच्या घाटापलीकडे असलेल्या एका घरी त्याची पूजा झाली, की केवळ शोभेची वस्तू म्हणून तो कोनाड्यात बसला, याचा निर्णय देणारे दप्तर काही सापडलेले नाही.

प्राचीन तगर, म्हणजेच तेरणाकाठचे तेर, येथेही असाच योग आहे. रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंतून उभ्या राहिलेल्या तेथील शासकीय संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिची जणू बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ साली पाँपेईच्या राखेखालून निघाली आणि ती नेपल्सला आहे. तेरची मात्र तेरलाच राहिली.

दायमाबादचे नशीब निराळे. श्रीरामपूर तालुक्यातील प्रवरेकाठच्या या गावी १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका ग्रामस्थाला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी मिळून साठ किलोंहून अधिक भाराची चार कांस्यशिल्पे गवसली; ती आज मुंबई आणि दिल्ली येथील संग्रहालयांत विभागली गेली आहेत, आणि चौघांचे एकत्र दर्शन घ्यावयाचे तर प्रवासखर्चाची तरतूद आधी करावी लागते. रथाला दोन बैल जुंपलेले आहेत, सारथी ताठ उभा आहे. हत्तीच्या पायांखालच्या पीठाला आस बसविण्याची सोय आहे, चाके तेवढी नाहीत.